उंटाच्या बाजूचा माल

वेलची घेताना मी आजही पाकीट उलटं करून देशाचं नाव वाचते. ही खोड मला रियाधला कासमभाईंच्या दुकानात लागली, आणि तिथे ती मुळीच चालत नसे. त्यांच्याकडचे वेलचीचे डबे भिंतीकडे तोंड करून उभे असत. कोणी एखादा फिरवला, की कासमभाई बसल्या जागेवरून हात लांब करून तो पुन्हा भिंतीकडे वळवत आणि म्हणत, "डब्याचा तोंड कशाला बगता वहिनी? आतला माल बगा."

बत्हा म्हणजे रियाधमधला आपल्या लोकांचा बाजार. पैसे पाठवायच्या दुकानांसमोरची गर्दी ओलांडून, स्वस्तातल्या खानावळींच्या मागे वळलं, की एका गल्लीत त्यांचं दुकान होतं. दोन बायका अबाया सावरत आत उभ्या राहिल्या, तर तिसऱ्या गिऱ्हाइकाने बाहेरच थांबावं, एवढीच रुंदी. मध्ये पितळी फुल्या ठोकलेली जुनी सागवानी पेटी आणि पेटीवर मांडी घालून कासमभाई. पन्नाशी उलटलेली, दाढी पांढरी, अंगात इथला लांब पांढरा तोब, आणि खांद्यावर मात्र आपल्याकडचा पंचा. गालात कायम एक काळी मिरी धरलेली. ती ते चावत नसत, नुसती ठेवून देत. बोलताना राग आला तरच चावत, आणि मग त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्यामुळे कासमभाई रागावले की रडताहेत असं वाटायचं.

दुसरी खोड वासाची. गिऱ्हाईक आत शिरलं की आधी त्यांचं नाक वर जाई. "वहिनी, आज घरी कोलंबी." पहिल्यांदा त्यांनी हिंदीत असं म्हटलं तेव्हा मला संताप आला होता. मी चांगली आंघोळ करून, अत्तर लावून गेले होते. पण मी तडकून मराठीत नवऱ्याला, श्रीकांतला, काहीतरी बोलले आणि कासमभाईंचा चेहराच बदलला. "तुमी कुठल्या?"

"अलिबागची."

"मग असं बोला ना! मी चौलचा. आमी खाडीच्या अल्याड-पल्याडचे." आणि त्यांनी माझ्या पुडीत चिमूटभर लोबानाचे खडे टाकले. ही त्यांची पद्धत. हळद घ्या, मिरी घ्या, काहीही घ्या, पुडी बांधण्याआधी त्यांचा हात उजवीकडच्या लाकडी डबीत जाई आणि दोन-चार खडे पुडीत पडत. "बरकत," एवढंच म्हणत. कासमभाईंच्या बोलण्यात ळ नव्हता आणि ण नव्हता. बाकी सगळं भरपूर होतं.

त्या दुकानाला दोन भिंती होत्या आणि त्या दोन भिंतींत कासमभाईंचं जग होतं. डावीकडची भिंत समुद्राची. मिरी, वेलची, दालचिनी, सुंठ, चंदनाचे तुकडे, खंबायतचे तांबडे अकीक मणी, मलमलीचे तागे, काथ्याची दोरी. म्हणजे आपल्या किनाऱ्यावरून गलबतात बसून इकडे आलेलं. उजवीकडची भिंत उंटाची. लोबान, बोळ, यमनची कॉफी, मध, खजूर. म्हणजे वाळवंटातून तांड्याबरोबर वर सरकत आलेलं. आता सगळंच विमानाने आणि ट्रकने येत होतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण मिरीची बरणी चुकून उजवीकडे ठेवली तर ते तिला उचलून डावीकडे न्यायचे. "हजारो वर्सं हा माल असाच आला. इथनं धूर गेला, तिकडनं तिखट आलं. तुमच्या देवाला जो धूप दावता तो हितला. हितल्या मटनात जी मिरी ती आपली. हे दोन मिलाले म्हनून तर बाजार झाला."

बोळ पाहिल्यावर मी चकितच झाले होते. माझ्या बाळंतपणात आईने मला नाक दाबून पाजलेला आणि बाळालाही चाटवलेला तो कडू काळा खडा, जो आमच्या फडताळात पिढ्यान्‌पिढ्या असतो आणि जो मी आपल्याच एखाद्या डोंगरातला समजत होते, तो इथल्या मुलखातून आला होता. "तुमच्या आयेला सांगा," कासमभाई म्हणाले, "तिच्या नातवाला पयला घास उंटानं पाठवला."

आता हे सगळं ऐकून कोणाला वाटेल, केवढा जाणता माणूस! तसं नव्हतं. निम्मं ऐकीव, पाव बरोबर, उरलेलं गिऱ्हाईक बघून. एकदा श्रीकांतने त्यांचं लक्ष नसताना वेलचीचा डबा फिरवला आणि मोठ्याने वाचलं, "ग्वाटेमाला." मग साळसूदपणे विचारलं, "हे कुठे आलं कासमभाई? केरळच्या खाली?" कासमभाईंनी मिरी चावली. डोळे पाणावले. मग डबा भिंतीकडे वळवत म्हणाले, "समुद्रानंच आला ना? मग?" नंतर मला हळूच सांगितलं, की मलबारी वेलची आता परवडत नाही, सगळ्या रियाधमध्ये हीच चालते, पण सालेमला बोलू नका. त्याला वाटतं आपलीच आहे.

सालेम हा उंटाच्या भिंतीचा मालक म्हटला तरी चालेल. यमनचा, हद्रमौतकडच्या एका वादीतला, म्हणजे कोरड्या नदीच्या खोऱ्यातला. उंच, सडसडीत, फार कमी बोलणारा. बत्हातच पलीकडच्या गल्लीत त्याची कोठी होती. त्याचा लोबान हिरवट पांढरा, हातात घेतला तर थंड लागणारा. कासमभाई अगदी तरुणपणी रियाधला आले तेव्हा सालेमने त्यांना आपल्या कोठीत झोपायला जागा दिली होती, भाषा शिकवली होती, आणि हा कोकणातला पोरगा उपाशी राहू नये म्हणून पहिला माल विश्वासावर दिला होता. रोज दुपारची नमाज झाली, दुकानांची शटरं वर गेली, की सालेम येऊन पेटीच्या दुसऱ्या टोकाला बसे. कॉफी त्याच्याकडची, वेलची कासमभाईंकडची, असा कहवा उकळे. "अर्धा त्याचा, अर्धा माझा," कासमभाई म्हणत. सालेम पहिला घोट घेऊन डोळे मिटत असे आणि अरबीत म्हणत असे, हिंदची वेलची. त्या वेळी कासमभाई माझ्याकडे बघत नसत.

कहव्याची रीतही मला कासमभाईंनीच शिकवली. त्याला कारण श्रीकांत. त्याच्या ऑफिसातल्या एका सौदी साहेबाने त्याला घरी बोलावलं होतं. बिनकानाचा छोटा पेला हातात आला, चटका बसला, म्हणून श्रीकांतने तो समोर खाली ठेवला आणि गप्प बसला. यजमान एकदम गंभीर झाले. बाकीच्यांचं बोलणं थांबलं. "बोल, काय हवं ते बोल," असं ते पुन्हा पुन्हा म्हणू लागले. श्रीकांत घाबरून "काही नको, काही नको" म्हणत राहिला आणि घरी येऊन मला म्हणाला, बहुतेक आपली नोकरी गेली.

कासमभाई पेटीवर हात आपटून हसले. "अवो साहेब, पाव्हना पेला न पिता खाली ठेवतो त्याचा अर्थ, माजं मोठं काम हाय तुमच्याकडे. मालकानं इचारायचं, काय काम. हो बोलला तर पाव्हना पितो. तोपर्यंत घोट घेत नाय. आनि पाव्हना न पिता उठला तर त्या घराची अब्रू गेली. तुमी त्या बिचाऱ्याला फाशी दिली!" मग छाती पुढे काढून, "अरबाचा मन कसा चालतो ते मला इचारा. पेला कसा धरला त्यावरनं मी सांगतो, हा कशाला आला."

हे मला आणि श्रीकांतलाच नव्हे, दुकानात येणाऱ्या प्रत्येक हिंदुस्थानी माणसाला त्यांनी ऐकवलं असेल. सालेम शेजारी बसून मंद हसत असे. त्याला हिंदी थोडी समजे.

मग इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं आणि सगळ्यांचंच हसू आटलं. कुवेतमधून पळून आलेली आपली माणसं बत्हात दिसू लागली, गाद्या आणि पंखे टपावर बांधलेल्या गाड्यांतून. रस्त्यावर अमेरिकन सैनिक दिसू लागले. मलाझमधल्या आमच्या इमारतीत रोज एकच चर्चा, बायकामुलांना परत पाठवायचं की नाही. आणि त्या शरदात, यमनचं सरकार इराकच्या विरोधात उभं राहिलं नाही म्हणून, यमनी लोकांसाठी हुकूम निघाला. तोवर त्यांना आपल्यासारखा कफील, म्हणजे जामीन राहणारा सौदी मालक, लागत नसे. ते तसेच राहात, आपापला धंदा करत. आता मुदतीच्या आत एखाद्या सौदी माणसाने आपल्या नावावर घेतलं तर राहा, नाहीतर जा. हां हां म्हणता बत्हातल्या यमनी दुकानांची शटरं एकेक करून खाली येऊ लागली ती वर गेलीच नाहीत. आमच्या कोपऱ्यावरचा पाववाला गेला. श्रीकांतच्या ऑफिसचा पहारेकरी गेला. जाणाऱ्यांकडे बघून आम्ही सगळे आपापल्या इकाम्याच्या, म्हणजे राहण्याच्या परवान्याच्या, तारखा बघत होतो, हे खरं.

त्या दिवसांतली एक दुपार. आम्ही दोघं कासमभाईंच्या दुकानात होतो. शटर नुकतं वर गेलं होतं. सालेम आला, पण नेहमीच्या जागी पेटीच्या टोकाला बसला नाही. दाराशी पाहुण्यासाठी ठेवलेल्या स्टुलावर बसला. कासमभाईंनी कहवा ओतून दिला. सालेमने पेला दोन्ही हातांनी घेतला आणि पेटीवर, दोघांच्या बरोबर मध्ये, ठेवला. हात मांडीवर घेतले आणि खाली बघत राहिला.

मला कळलं. श्रीकांतलासुद्धा कळलं, त्याने माझा कोपर दाबला. काम काय होतं हेही उघड होतं. कासमभाईंचा कफील अबू फहद हा भला, वजनदार म्हातारा होता. त्याच्या नावावर चार माणसं होती, पाचवं मावलं असतं. कासमभाईंनी फक्त विचारायचं होतं, "काय काम, सालेम?"

कासमभाईंनी पेल्याकडे पाहिलं. मिरी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. आणि मग, जो माणूस पेला कसा धरला यावरून मनातलं ओळखत होता, तो आमच्या श्रीकांतसारखा बावळट चेहरा करून हसला आणि म्हणाला, "पी ना सालेम. गार होतोय."

सालेमने मान वर केली. त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. तो उठून गेला असता तर कासमभाईंची अब्रू गेली असती. तो उठला नाही. त्याने पेला उचलला आणि गार झालेला कहवा एका दमात पिऊन टाकला. म्हणजे माझं काही काम नाही, तू मोकळा. पेला ठेवून तो म्हणाला, "हिंदची वेलची," आणि गेला.

कासमभाई आमच्याकडे वळून एकदम हळदीच्या भावाबद्दल बोलू लागले. त्या दिवशी माझ्या पुडीत त्यांनी लोबानाची मूठच टाकली.

सालेम गेला तो थोड्याच दिवसांनी. बायको, मुलं, गाद्या, शिलाई मशीन, सगळं एका पिकअपवर. जाण्याआधी पिकअप गल्लीच्या तोंडाशी उभी करून तो आत आला, म्हणे, पाठीवर लोबानाची एक गोणी घेऊन. उजव्या भिंतीला स्वतःच्या हाताने टेकवून ठेवली. तिचं तोंड काथ्याच्या दोरीने बांधलेलं, सालेमच्या प्रत्येक गोणीवर असे ती आडवी दुहेरी गाठ. मग डाव्या भिंतीशी जाऊन डब्यातली मूठभर वेलची घेतली, खिशात टाकली, आणि म्हणाला, "सौदा पुरा झाला." हे मला शेजारच्या शिंप्याने सांगितलं.

त्यानंतर त्या दुकानात कहवा उकळणं बंद झालं. लाकडी डबीतले खडे संपले, तरी गोणीची गाठ सुटली नाही. यमनी लोक गेल्याने चांगला लोबान बाजारातून नाहीसा झाला होता, भाव वर चढला होता, आणि सगळ्या गल्लीला ठाऊक होतं की कासमभाईंकडे अख्खी गोणी पडून आहे. लोक विनवण्या करत. "विकायचा नाय," एवढंच उत्तर. एका बाईने फारच गळ घातली तेव्हा त्यांनी मिरी चावली, आणि त्या दिवशी ते खरंच रागावले होते की नाही, मला सांगता येणार नाही.

जानेवारीत लढाई सुरू झाली. शाळा बंद, खिडक्यांना चिकटपट्ट्या, दाराखाली ओला टॉवेल, आणि सायरन. क्षेपणास्त्र पडेल त्याहून जास्त भीती विषारी वायूची. वासाला सगळे घाबरत. एका शुक्रवारी संध्याकाळी आमच्या जिन्यात गोडसर धूर आला आणि श्रीकांतने "गॅस! गॅस!" म्हणून ओरडत वायूसाठीचा मुखवटा उलटा चढवला. पट्टा नाकावर, नळी कानावर. मुलाला कडेवर घेऊन मी न्हाणीघराकडे धावले. तेवढ्यात दारावर थाप. उघडलं तर कासमभाई, खांद्यावर तांदळाचं पोतं, हातात मसुरीची पिशवी. बत्हातून मलाझपर्यंत, बाजार निम्मा बंद असताना, आमच्याकडचं धान्य संपलं असेल म्हणून आले होते. त्यांनी नाक वर केलं. "काय नाय, वरच्या हैदराबादी बाईनं लोबान जाललाय. भेसल हाय. राल घातलीय त्याच्यात."

श्रीकांतने मुखवटा काढला. आम्ही इतके हसलो की मला खाली बसावं लागलं. कासमभाई हसले नाहीत. पोतं उतरवून ते तसेच जमिनीवर बसले. मी चहा दिला तर म्हणाले, "वहिनी, लोक काय जालतात बगा. आनि चांगला माल माज्या दुकानात भितीला टेकून हाय."

मग त्यांनी सांगितलं. आदल्या दिवशी अबू फहद दुकानात आला होता, म्हाताऱ्या आईसाठी लोबान हवा म्हणून. गोणीची गाठ बघून त्याने विचारलं, हा सालेमचा ना? तो कुठे आहे? गेला, असं ऐकल्यावर म्हातारा उभाच राहिला. "मला बोलला, गेला कसा? त्याच्या बापाचा लोबान माज्या बापाच्या लग्नात जललाय. मला कोनी सांगितलं का नाय? माज्या नावावर घेतला असता."

वरून तो भेसळीचा धूर येतच होता.

"तुमी दोगं होता त्या दिवशी," कासमभाई म्हणाले. "तुमाला काय वाटलं, मला कललं नाय?"

श्रीकांत म्हणाला, "जाऊ द्या कासमभाई. त्या दिवसांत प्रत्येकजण—"

"कललं होतं. पेला ठेवायच्या आदी कललं होतं. तो स्टुलावर बसला ना, तवाच. माजा इकामा त्याच म्हैन्यात नवा व्हायचा होता. मनात आलं, यमनी मानसाची गोष्ट काडली आनि कफील बिगडला तर? दोन पोरी लग्नाच्या, चौलाला घराच्या भिती अर्ध्या उभ्या. नुसतं इचारायचं होतं हो. तो नाय बोलला असता तर नाय. पन मी इचारलाच नाय. सगल्या दुनियेला सांगत फिरलो, अरबाचा मन मला कलतो. आनि ज्या दिवशी कलायला पायजे होता, त्या दिवशी मी अडानी झालो. आनि त्यानं माजी लाज राखली. गार कहवा पिऊन राखली."

चहा तसाच होता. तो त्यांनी हातात घेतला, खाली मात्र ठेवला नाही.

"एक सांगू वहिनी? त्यानं जाताना मूठभर येलची घेतली, सौदा पुरा बोलला." त्यांनी हातातल्या चहाकडे बघितलं. "ती पन ग्वाटेमालाची होती."

मी आयुष्यात बरीच माणसं रडताना पाहिली आहेत. त्या दिवशी कासमभाईंच्या गालात मिरी नव्हती.

लढाई संपली. खिडक्यांच्या चिकटपट्ट्या निघता निघेनात. मार्चमधल्या एका सकाळी कासमभाईंचा निरोप आला, बत्हाच्या टॅक्सीतळावर या, मी नजरानला चाललोय. नजरान म्हणजे दक्षिणेचं टोक, यमनच्या सीमेजवळ. जुने तांडे तिथूनच लोबान घेऊन वर येत, असं तेच सांगायचे. आम्ही गेलो. तळावर नजरानच्या गाडीला गिऱ्हाइकं भरत होती. मागच्या सीटवर खिडकीशी गोणी बसवलेली, तिच्या शेजारी कासमभाई. गोणीसाठी त्यांनी अख्खी सीट घेतली होती, आणि ड्रायव्हर सगळ्यांना हसून सांगत होता, हा हिंदी बघा, यमनला लोबान घेऊन चाललाय!

"हसू द्या," कासमभाई खाली उतरून म्हणाले. "कफीलनं परवान्याचा कागद दिला. बोलला, जा, आनि त्याला सांग, माजा दरवाजा उगडा हाय. नजरानला ट्रकवाले भेटतात पलीकडं जानारे. एखाद्याच्या हाती गोनी पाठवतो, सांगावा पाठवतो. त्याच्या वादीचा नाव मला म्हाईत हाय. गाठ त्याच्या हातची हाय. बगितली की त्याला कलंल, मी इकला नाय. मग येईल तो. येईल ना?"

मी पिशवीतून एक पुडकं काढून दिलं. आईने मागच्या खेपेला दिलेली, कोचीनच्या ओळखीच्या माणसाकडून मागवलेली वेलची. मी ती सणासुदीसाठी जपून ठेवली होती. कासमभाईंनी पुडकं नाकाशी नेलं. गोणीच्या गाठीखाली ते नीट खोचून ठेवलं.

मी थर्मासमधून कहवा नेला होता, माझ्या हातचा, थोडा पातळच. त्यांना पेला दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि गाडीच्या बॉनेटवर, माझ्या आणि त्यांच्या मध्ये, ठेवला. हात बाजूला घेतले.

"प्या ना, गार होईल," श्रीकांत म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचा चेहरा उतरला.

मी म्हटलं, "काय काम, कासमभाई?"

"मी गोनी घेऊन परत आलो," ते म्हणाले, "तर मला काय इचारू नका."

"नाही विचारणार."

त्यांनी पेला उचलून कहवा प्यायला. ड्रायव्हर "यल्ला, यल्ला" करत होता. गाडी निघाली तेव्हा मागच्या काचेतून दोन डोकी दिसत होती, एक त्यांचं आणि एक गोणीचं, आणि गोणीचं थोडं उंच होतं.

त्यानंतर श्रीकांतची अबकैकला बदली झाली. तिथल्या तेल कारखान्यात त्याच्या कंपनीला काम मिळालं होतं. सामान बांधून झालं. निघायच्या आदल्या दिवशी मी हट्टाने बत्हाला गेले. श्रीकांत गल्लीच्या तोंडाशीच थांबला, म्हणाला, तू जा.

दुकान उघडं होतं. कासमभाई पेटीवर बसले होते. मला बघून त्यांचं नाक वर गेलं नाही. उजव्या भिंतीला गोणी टेकलेली होती, जिथे सालेमने ठेवली होती तिथेच. गाठ तीच. गाठीखाली माझं वेलचीचं पुडकं, जसं खोचलं होतं तसं. डाव्या भिंतीवरचे वेलचीचे डबे सगळे पुढे तोंड करून लावलेले, आणि प्रत्येकावरचं देशाचं नाव दारातूनसुद्धा वाचता येत होतं.

कितीतरी प्रश्न माझ्या तोंडाशी आले. ट्रकवाल्याने नेली नाही का? सीमेवर अडवलं का? की गोणी पोचली होती, आणि तिकडूनच परत आली?

"पाव किलो वेलची द्या," मी म्हटलं.

त्यांनी डबा काढला, तोलून वेलची कागदावर ओतली. पुडी बांधण्याआधी सवयीने त्यांचा हात उजवीकडच्या लाकडी डबीत गेला, तळाशी लागला आणि रिकामा परत आला. पुडी बांधून त्यांनी माझ्या हातात ठेवली. मग पेटीमागून किटली काढली. बऱ्याच महिन्यांनी त्या दुकानात कहव्याचा वास आला. एक पेला भरून त्यांनी माझ्यापुढे धरला आणि माझ्या हातांकडे बघत राहिले.

मी तो कुठेही न टेकवता, उभ्या उभ्या, जीभ पोळत असताना पिऊन टाकला.